वीतभर पिवळी मोटार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या कोरपन्यात तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशी खरे बैल मिरवून झालेले असतात, आज पोरांची पाळी. पाठीवर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरांची माळ अशा थाटात लाकडी बैल दोरीनं ओढत पोरं रांगेत येऊन उभी राहतात आणि मग घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, मागत फिरतात. हा सण विदर्भाचा. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 मध्ये तो सुरू केला असं सांगतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर तिथल्या भल्यामोठ्या लाकडी नंदींसाठीच प्रसिद्ध आहे.

माझा बैल आमच्या भागातल्या एका वाढई काकांनी केलेला होता. त्याला रंग नव्हता, नुसता तेलाचा हात फिरवलेला. शेजारच्या पोरांचे बैल लखलखायचे. तरी ओसरीत सगळे बैल ओळीनं ठेवले की येणाऱ्या माणसाची नजर आधी माझ्या बैलावर जायची. वशिंडाचा कल, गळ्याच्या पोळीची घडी आणि मागच्या पायांचा बाक, एवढ्या तीन गोष्टी काकांनी नेमक्या धरल्या होत्या. डोळे म्हणजे दोन टोचे. डोळे नीट रंगवून द्या म्हणून मी हट्ट धरला, तेव्हा ते म्हणाले, "दुरून बैल दिसला पाहिजे, पोरा. जवळून लाकूड दिसलं तरी चालते."

या बोलण्यात मापाच्या प्रतिकृतीचं सगळं शास्त्र आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा मी शर्यतीच्या मोटारीचं मॉडेल करायला बसलो होतो.

मोटार निवडली ती जॉर्डन ईजे15. 2005 साली ती नारायण कार्तिकेयननं चालवली. फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला तो पहिला भारतीय. 6 मार्च 2005 ला मेलबर्नला त्याची पहिली शर्यत झाली आणि 19 जूनला अमेरिकेत इंडियानापोलिसला तो चौथा आला. त्या दिवशी मिशेलिनचे टायर धोक्याचे ठरल्यामुळे 14 मोटारी शर्यत सुरू होण्याआधीच बाजूला झाल्या आणि ब्रिजस्टोन टायरच्या फक्त 6 मोटारी धावल्या. म्हणून काही जण त्या चौथ्या क्रमांकाला कमी लेखतात. मला ते पटत नाही. शर्यत पूर्ण करणाऱ्यालाच गुण मिळतात आणि त्यानं ती पूर्ण केली. पुढे या जॉर्डन संघाचं नाव मिडलँड झालं, मग स्पायकर, आणि 2008 मध्ये फोर्स इंडिया. इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या ज्या कारखान्यातून ही पिवळी मोटार निघाली, तिथूनच नंतर केशरी-पांढऱ्या-हिरव्या मोटारी निघाल्या.

मॉडेलांच्या या छंदाची पंढरी जपानमध्ये, शिझुओका शहरात आहे. तिथल्या तामिया कंपनीनं 1967 मध्ये होंडा आरए273 या शर्यतीच्या मोटारीचा 1/12 मापाचा संच काढला आणि तेव्हापासून जगभरचे हौशी लोक तिच्या प्लास्टिकच्या चौकटीतून सुटे भाग कापून मोटारी जोडत आले आहेत. 1991 च्या हिरव्या जॉर्डन 191 चाही तामियाचा संच आहे. मायकेल शूमाखरची फॉर्म्युला वनमधली पहिली शर्यत त्याच मोटारीतली. माझ्या पिवळ्या मोटारीचा संच काही माझ्या हाती लागला नाही. मग वाढई काकांच्या वाटेनं जायचं ठरवलं: लाकूड घ्यायचं आणि मोटार नसलेलं तेवढं काढून टाकायचं.

आधी माप. मॉडेलांची मापं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटतात. 1/12, 1/24 आणि 1/43 हे आकडे आले कुठून? सगळे फूट-इंचांच्या जमान्यातले आहेत. एका फुटाला एक इंच धरला की 1/12 होतं, अर्धा इंच धरला की 1/24. 1/43 आलं खेळण्यातल्या आगगाडीतून. ब्रिटिश 'ओ' गेजच्या गाडीत एका फुटाला 7 मिलिमीटर धरत, आणि 304.8 ला 7 नं भागलं की साडेत्रेचाळीस येतात. गाडीच्या फलाटाशेजारी ठेवायला म्हणून मोटारीही त्याच मापाच्या होऊ लागल्या. मी घेतलं 1/20. फॉर्म्युला वनच्या मॉडेलांचं हे रुळलेलं माप आहे, आणि हाताला सोयीचंही.

ईजे15 चे कारखान्यातले नकाशे मला कोण देणार? पण शर्यतीच्या मोटारीला नियमावली असते, आणि ती नकाशाचं अर्धं काम करते. 2005 च्या नियमांत रुंदी जास्तीत जास्त 1800 मिलिमीटर, म्हणून माझी मोटार 90. उंचीची मर्यादा 950, म्हणून 47.5. टायरसकट चाकाचा व्यास 660, म्हणून 33. अशा मोटारीची लांबी साडेचार मीटरच्या आसपास भरते, म्हणजे माझ्या हिशेबात बरोबर एक वीत. उरलेली मापं फोटोतून काढली. मोटारीचा अगदी बाजूनं, लांबून घेतलेला फोटो शोधायचा आणि त्यातलं चाक मोजायचं. फोटोत चाक 22 मिलिमीटर भरलं, तर फोटोतला 1 मिलिमीटर म्हणजे खरे 30. मग त्याच हिशेबानं नाकाचं टोक, आरशाची जागा, मागच्या पंखाची उंची, सगळं मोजत जायचं. जवळून घेतलेला फोटो मात्र फसवतो. त्यात पुढचं चाक फुगतं आणि मागचं आक्रसतं.

आता वाढई काकांच्या 'दुरून' या शब्दाकडे येतो. हातातलं मॉडेल आपण साधारण 30 सेंटिमीटरवरून पाहतो. मोटार 20 पट लहान आहे, म्हणून ते पाहणं खऱ्या मोटारीकडे 6 मीटरवरून पाहण्यासारखं आहे. हे नुसतं गणित राहू नये म्हणून मी रस्त्यावर उभ्या असलेल्या एका जीपपासून आठ पावलं मोजून मागे गेलो आणि जे दिसलं ते वहीत लिहिलं. दाराच्या फटी काळ्या बारीक रेघा म्हणून दिसत होत्या. हँडलखालची सावली दिसत होती, हँडलचा स्क्रू दिसत नव्हता. नंबर वाचता येत होता. टायरवरचं मोठं नाव कळत होतं, त्याखालची बारीक अक्षरं नाहीत. काळा टायर काळा दिसतच नव्हता, तो राखाडी होता. ही एका पानाची यादी पुढे शेवटपर्यंत मला पुरली. सहा मीटरवरून जे दिसत नाही ते कोरायचं नाही, आणि जे दिसतं ते चुकवायचं नाही.

यातून एक वादाचा मुद्दा निघतो. या मोटारींचं शरीर कार्बन फायबरचं असतं आणि त्या कापडाची वीण दाखवणारे छापील स्टिकर मॉडेलवाल्यांना फार आवडतात. खऱ्या कापडातली वीण दोन-तीन मिलिमीटरची असते. 1/20 मध्ये ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी होईल, डोळ्याला दिसणारही नाही. विकतच्या स्टिकरवर ती स्वच्छ दिसते, याचा अर्थ ती काही पट मोठी आहे, आणि पंखावर तरट गुंडाळल्यासारखं वाटतं. मी काळ्यात थोडा राखाडी मिसळून अर्धवट चकाकीचा सपाट रंग दिला. मेहनत कमी झाली आणि पंख खरा दिसला.

लाकूड निवडतानाही हाच हिशेब. चंद्रपूरचा साग जगात नावाजलेला, पण या कामाला नको. सागाच्या रेषा ठळक असतात, आणि वीतभर मोटारीवर ती रेषा म्हणजे खऱ्या मोटारीवरची हातभर लाट. रंगाखालूनही ती वर येते. आमच्या जंगलातला हळदू या कामासाठीच वाढतो असं वाटावं इतका एकसारखा, बारीक पोताचा. त्याच्या फण्या करतात, त्याच्यावर खरादकाम छान होतं. मी हळदूचा तुकडा घेतला. सांधे आणि खळगे भरायला एम-सील आणि वरून गाडी रंगवणाऱ्याकडची पातळ पुट्टी. आमच्या सीमेपलीकडे आदिलाबाद आणि त्याच्या पुढे निर्मल. तिथले खेळणी करणारे कारागीर पोनिकीच्या मऊ लाकडाचे भाग चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा कालवून जोडतात आणि त्याच लगद्यानं उंचसखल भाग भरून घेतात. मग पांढरा लेप आणि त्यावर रंग. पुट्टी, प्रायमर, रंग हा क्रम मोटारी येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या शेजारी नांदत होता.

पंख लाकडाचे होत नाहीत. सहज हाताशी लागणारं प्लास्टिक म्हणून मी जुनं एटीएम कार्ड कापलं. त्याची जाडी 0.76 मिलिमीटर. वीसनं गुणा, 15 मिलिमीटर झाले. एवढ्या जाड कडेचा पंख म्हणजे फळीच. मग शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापला. तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे मापात 2 मिलिमीटर. कात्रीनं कापला की कड वळते, म्हणून काचेवर ठेवून चमच्याच्या पाठीनं चोळून सपाट करायचा. मॉडेल खेळणं वाटतं की मोटार, हे मला विचाराल तर सगळ्यात जास्त कडांच्या जाडीवर ठरतं. आरसे, पंखांच्या बाजूच्या पट्ट्या, हवेच्या तोंडांच्या कडा पातळ झाल्या की बाकीच्या चुका माफ होतात.

चाकांना धरणाऱ्या दांड्या बांबूच्या केल्या. हा जिल्हा बांबूचा, चिचपल्लीला बांबूचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रही आहे. पण काडी कुठली घ्यावी हे बुरडाला विचारावं. बांबूच्या भिंतीत तंतू सालीकडे दाट असतात आणि आतल्या बाजूला विरळ. सालीलगतची काडी एक मिलिमीटरपर्यंत तासली तरी मोडत नाही, आतली तेवढ्यात फिसकटते. या दांड्या हवा कापायला चपट्या असतात, म्हणून गोल तार वापरून चालत नाही. बांबू चपटा तासता येतो.

टायरपाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळलो. 1998 पासून 2008 पर्यंत फॉर्म्युला वनच्या कोरड्या रस्त्याच्या टायरवर गोल खाचा असत, वेग आटोक्यात ठेवण्यासाठी. 2005 च्या नियमात प्रत्येक टायरवर 4 खाचा, वरून 14 मिलिमीटर रुंद, 2.5 मिलिमीटर खोल आणि एका खाचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत अंतर 50. वीसनं भागलं की रुंदी 0.7, अंतर 2.5. चाक बोल्टवर अडकवून ड्रिल मशीनमध्ये फिरवलं आणि लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याचा तुकडा टेकवला. ते पातं जवळजवळ तेवढंच जाड असतं, खाच आपोआप मापात आली. खोलीचं मात्र गणित पाळलं नाही. हिशेबानं ती 0.125 मिलिमीटर हवी. एवढी खाच रंगात बुजते. खऱ्या मोटारीवरचा रंग मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असतो आणि मॉडेलवर आपण तीन-चार हात दिले की तोही तेवढाच होतो. म्हणजे मापाच्या भाषेत मोटारीवर 2 मिलिमीटरचा गिलावा. म्हणून खाचा आणि फटी थोड्या जास्त खोल कापायच्या, मग रंगानंतर त्या बरोबर उरतात. माप चुकवल्यावरच माप बरोबर दिसतं अशा जागा या कामात पुष्कळ येतात. टायरला रंग दिला तो गडद राखाडी, बाजूंना किंचित काळसर आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागावर फिका.

आता रंग. यात माझं वर्षाहून जास्त गेलं.

पिवळा हा झाकणारा रंग नाही. त्याचा थर अर्धपारदर्शक असतो, प्रकाश त्यातून आत जाऊन खालच्या थरावर आपटून परत येतो. खाली पांढरं असेल तर पिवळं उजळतं, राखाडी असेल तर हिरवट, मेलेलं दिसतं. हळदीचा हात पांढऱ्या धोतराला लागला तर कसा उठतो आणि मळक्या पोत्याला लागला तर कसा, तसंच. म्हणून राखाडी प्रायमरवर आधी स्वच्छ पांढरा रंग हवा. तो नको असेल तर फिका गुलाबी, त्यानं पिवळ्याला ऊब येते. दुसरी गोष्ट कडांची. ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो आणि कडा उघड्या पडतात. म्हणून सगळ्या कडांवर आधी हलका हात द्यायचा, मग अंगावर.

हे सगळं माहीत असूनही पहिला प्रयत्न फसला, कारण मी तो श्रावणात केला. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग गार करतो. हवा दमट असेल तर त्या गार थरावर पाणी धरतं आणि ओल्या रंगात अडकतं. सकाळी पाहिलं तर पिवळ्यावर दुधाळ धुकं. सगळं खरवडलं. दुसरा हात मे महिन्यात दिला. आमच्याकडे तेव्हा पारा 45 च्या पुढे असतो. फवाऱ्याच्या तोटीतून निघालेला रंगाचा थेंब मोटारीवर पोचेपर्यंत अर्धा सुकतो, पसरत नाही, आणि अंगावर नागपुरी संत्र्याच्या सालीसारखे खडबडे उठतात. शिवाय हा तालुका चुनखडीचा. उन्हाळ्यात हवेत बारीक पांढरी धूळ असतेच, ती ओल्या रंगावर येऊन बसली. पुन्हा वॉटर पेपर, पुन्हा पांढरा. तिसऱ्यांदा दिवाळी होऊन थंडी पडल्यावर, सकाळी दहाच्या सुमाराला, फरशीवर पाणी शिंपडून धूळ बसवून घेतली, दार लावलं, अर्ध्या तासानं पाणी सुकल्यावर काम सुरू केलं. पाच पातळ हात, दर दोन हातांमध्ये वीस मिनिटं. आठवडाभर हात लावला नाही. मग 1500 आणि 2000 नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून फिरवला आणि रबिंग कंपाउंडनं पॉलिश केलं. पिवळा उठला.

बारीक कामाचा माल घरात आणि बाजारातच होता. विहिरीवरच्या मोटारी गुंडाळणाऱ्याच्या दुकानात जुन्या वाइंडिंगची तांब्याची तार पडलेली असते, तीत वेगवेगळ्या जाडीच्या तारा मिळतात. खरी 7 मिलिमीटरची नळी दाखवायला 0.35 ची तार बरोबर. चालकाच्या खांद्याचे पट्टे सुमारे 75 मिलिमीटर रुंद, म्हणजे 3.75. ते रंगवलेल्या मास्किंग टेपचे कापले, त्यांच्या कड्या गोळ्यांच्या पाकिटाच्या चांदीच्या कागदातून. 2005 च्या मोटारीत चालकाच्या डोक्याभोवतीचा 'हेलो' हा संरक्षक सांगाडा नव्हता, तो 2018 ला आला. त्यामुळे बसायची जागा वरून पूर्ण उघडी दिसते आणि पट्ट्यांची मेहनत वाया जात नाही. त्याच न्यायानं इंजिन मी केलंच नाही. झाकणाखालचं 3 लिटरचं टोयोटा व्ही10 सहा मीटरवरून कुणाला दिसत नाही.

अक्षरं आणि 19 हा आकडा पाण्यात सुटणाऱ्या डेकल कागदावर छापून घेतला. घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, हा एकच मोठा अडथळा. पारदर्शक कागदावर छापलेलं निळं पिवळ्यावर हिरवं पडतं. म्हणून रंगीत चिन्हं पांढऱ्या कागदावर छापून अगदी कडेला कापावी लागतात. शेवटी फटींमध्ये पातळ काळा रंग सोडायचा असतो. पिवळ्या अंगावर मी तो तपकिरी केला. पिवळ्यावर निव्वळ काळी रेघ व्यंगचित्रासारखी दिसते.

पूर्ण झाल्यावर मोटार सोनाराच्या काट्यावर ठेवली. लांबी 20 पट कमी झाली की आकारमान 8000 पट कमी होतं. खऱ्या मोटारीचं नियमातलं किमान वजन चालकासह 600 किलो, म्हणजे मॉडेल 75 ग्रॅमचं हवं. माझं भरलं 118. खरी मोटार आतून पोकळ, माझी भरीव हळदूची. नुसत्या लाकडाची मोटारही 43 ग्रॅमनं जास्त भरते, यावरून ती खरी मोटार किती हलकी बांधलेली आहे ते मला पहिल्यांदा हातात कळलं.

कुणाला करून पाहायचं असेल तर आधी फक्त चार चाकं करा. ती पाटीवर नेमक्या अंतरावर ठेवा आणि हातभर लांबून पाहा. चाकांचं प्रमाण जमलं असेल तर मधली मोटार नसतानाही दिसू लागते, जमलं नसेल तर अंग कोरायला घेऊ नका, चाकंच पुन्हा करा. आणि लाकूड पोळ्याच्या सुमाराला घ्या. कोरायला पावसाळ्याचे उरलेले दिवस पुरतात आणि रंगाला दिवाळीनंतरची थंडी मिळते.